शासकीय संबंध

मगदूमसाहेब परवा पुन्हा आले
वारणालीच्या ऑफिसात, या वेळी व्हिजिटरच्या दारानं.
रिटायर होऊन तेरा महिने झालेत.
वहीत नाव लिहिलं, 'कोणाकडे' या रकान्यात
पेन जरा थबकलं.
एकतीस वर्षं लोक त्यांच्याकडे यायचे.

बसले बाहेरच्या बाकावर.
बाकाला पाठ नाही.
खरेदीच्या फाईलवर त्यांचाच शेरा आहे, मी वाचलाय:
'पाठीचे बाक नकोत. लोक रेंगाळतात.'
साहेब ताठ बसून रेंगाळले पाऊण तास.

कार्ड जाड, कडेनं सोनेरी.
चिदानंद मगदूम. सल्लागार, शासकीय संबंध.
खाली हळदीच्या गोदामांची कंपनी,
तिचं हेड ऑफिस पुण्यात, जमीन सांगलवाडीच्या अंगाला,
आणि जमिनीतून जाते ती निळी पूररेषा.

ही रेषा साहेबांनी काढलेली.
म्हणजे पाण्यानं काढली, साहेबांनी गिरवली.
पूर ओसरल्यावर गुडघाभर चिखलात
भिंतींवरच्या खुणांना टेप लावायचे,
मी दुसरं टोक धरायचो.
एका घरात देव्हाऱ्याच्या वर चार बोटं.
एका घरी लग्नाच्या फोटोत, नवऱ्याच्या हनुवटीशी;
नवरी पूर्ण पाण्याखाली.
आमच्याकडं, अम्मीच्या शिवणयंत्राच्या चाकावर.
तेव्हाही फोन यायचे. आधी बिल्डरांचे, मग त्यांच्या पुढाऱ्यांचे.
साहेब म्हणायचे, 'नदीला विचारा. मी नुसता कारकून तिचा.'
त्या वाक्यावर आम्ही महिनाभर चहा प्यालो.

'काम अवघड नाही हो, तांबोळी,'
आत जाऊन आल्यावर म्हणाले, रेकॉर्ड रूमच्या दारात,
भडंगाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवत.
'कुणाला पैसे देत नाही. शपथेवर.
फक्त माहीत असतं
फाईल कुठल्या टेबलावर झोपते, कुठल्यावर कूस बदलते,
अधिसूचनेत 'आणि'च्या जागी 'किंवा' बसला
तर किती एकर सुटतात.
नियमांना खिडक्या मीच ठेवल्या होत्या, हवेसाठी.
आता त्यातनंच ये-जा करतो.'
हसले. दात नवीन बसवलेत.

मग:
'सांगलवाडीचं मूळ शीट आहे ना? ते जुनं, कापडाचं?'

काढलं. झटकलं. एक कोपरा कसरीनं खाल्लेला.
समासात त्यांचंच अक्षर, हिरवी शाई:
'प्रत्यक्ष पाहणी केली. रेषा कायम ठेवावी.'
खाली सही, तारीख,
आणि चहाच्या कपाचा गोल डाग. तो माझा.

बराच वेळ वाचत राहिले
दुसऱ्या कुणाला आलेलं पत्र वाचावं तसं.
सहीवर अंगठा फिरवला. शाई जिथल्या तिथं.
'अक्षर बरं होतं माझं.'
मग आवाज न बदलता,
'नवीन सर्व्हे मागवलाय. हे सापडलं नाही तर बरं.
निलोफरचं एम.कॉम. झालं ना?'

दोन वाक्यांच्या मध्ये
'आणि'सुद्धा नव्हता, 'किंवा'सुद्धा.

पोरगी आता गणपती पेठेत जाते, गळ्यात पट्टा,
कंपनीच्या अकाउंट्सला.
संध्याकाळी ओढणीला हळदीचा वास.
तिची आई म्हणते, शुभ असतो.

शीटबद्दल माहिती अधिकारात अर्ज आलाय.
उत्तर मी टाईप केलं:
'सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.'
जावक नंबर टाकायचा राहिलाय. नऊ दिवस झाले.

शीट जिथं होतं तिथंच आहे.
कपाटाची चावी तेवढी मी घरी नेतो.
आयर्विन पुलावर आलो की हात खिशाकडं जातो
आणि नजर खाली, खांबावरच्या आकड्यांकडं.
पाणी सध्या फार खाली आहे.